पाठ बघणारे चाचा

चित्राची पाठ आधी बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, फ्रेमवाले चाचा. आमचे बाबा आणि त्यांच्या त्या गाजलेल्या मंडळातले चित्रकार, विचारवंत यांनी जे काही रंगवलं, ते सगळं रविवार पेठेतल्या चाचांच्या दुकानात फ्रेम झालं. चित्र आलं की चाचा ते पालथं घालत, कानावरची पेन्सिल काढत आणि विचारत, "कुठं काढलं? संपलं कधी?" उत्तर मागच्या पुठ्ठ्यावर लिहायचं, मगच खिळे.

एकदा बाबा घुटमळले. अजून एखादा हात फिरवावा म्हणतो, म्हणाले. चाचांनी चित्र कागदात गुंडाळून परत दिलं. "मग फ्रेम कशाला? संपवून आणा." भल्याभल्यांचं ऐकून न घेणारे बाबा निमूट घरी आले. आई आठवडाभर हसत होती.

यंदा म्युझियमनं त्या मंडळाचं मोठं प्रदर्शन भरवलं. मंडळातलं कुणीच उरलं नव्हतं. उरले होते ते चाचा, विश्रांतवाडीला मुलाकडे. त्यांना साधं निमंत्रण नाही! मीच रिक्षानं घेऊन गेले. इस्त्रीचा सदरा, कानावर पेन्सिल. वाटलं, एखाद्या पाटीवर तरी नाव असेल. कसलं काय! फ्रेमा सगळ्या नव्या, काळ्या, एकसारख्या. आणि चित्राखाली पाटी, 'साल अज्ञात'. पुढच्याखाली तेच, त्याच्या पुढच्याखालीही तेच.

चाचा तिथल्या बाईंना हळूच म्हणाले, "मागं लिहिलंय, बघा की."

बाईंनी गोड हसून सांगितलं, जुने पुठ्ठे खराब झाले होते, टाकून दिले. टाकण्याआधी एकही वाचला नाही का, मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. शिकल्यासवरल्या माणसांनी एका माणसाचं जन्मभराचं लिखाण कचऱ्यात घातलं, आणि वर 'अज्ञात' म्हणून पाट्या लावल्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाचांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली.

दोन महिन्यांत गेले.

परवा म्युझियमचा फोन आला. प्रदर्शनाची मुदत वाढली आहे, वडिलांचं एक चित्र आपल्याकडे आहे म्हणे, द्याल का? आहे ना. चाचांनी परत पाठवलेलं तेच ते, त्यांच्याच फ्रेममध्ये. मागे त्यांचं अक्षर आहे: 'धायरीचा ओढा. दुसऱ्या खेपेला संपलं. साहेबांना अजून शंका आहे, मला नाही.'

देते, म्हटलं, पण चित्राचं तोंड भिंतीकडे करून टांगायचं.

"अहो, मग लोकांना दिसणार काय?"

"चाचा," म्हटलं, आणि फोन ठेवला.