दिवा विझवून आणलेली गाडी

"ताई, दिवा पुन्हा लागला," साळवे काका फोनवर म्हणाले. मागून आरटीओच्या मैदानातला गोंगाट ऐकू येत होता. "साहेबांनी गाडी परत पाठवली."

"आत्ताच्या आत्ता गॅरेजला या. दिवा लागलेला असतानाच या."

"आता नाय जमत. तुमच्या काकूला थेरपीला सोडलंय. तिला घेऊन घरी जातो, उद्या सकाळी येतो की."

उद्या सकाळी काय होणार ते मला पाठ झालं होतं. काका येणार, गाडी पुसूनबिसून आणणार आणि दिवा गायब असणार. मी फोन ठेवला आणि हातातला पाना बाकावर आपटला.

माझं गॅरेज जालना रोडवर आहे. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून मी ते सुरू केलं. साळवे काका शहराबाहेरच्या करमाड गावचे. वीज खात्यात लाइनमन होते, आता रिटायर आहेत. त्यांची छोटी पेट्रोल कार पंधरा वर्षांची होत आली होती. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते. तिथले इन्स्पेक्टर गाडी स्वतः चालवून बघणारे निघाले. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि त्यांनी गाडी नापास केली. त्यांचं काहीच चुकलं नाही. मीही नापास केली असती.

हा दिवा म्हणजे 'चेक इंजिन'. गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीयू म्हणतात. कुठला सेन्सर बिघडला की ईसीयू आपल्या मेमरीत एक कोड टाकतो आणि दिवा लावतो. आम्ही स्कॅनर जोडून तो कोड वाचतो. कोड मिळाला की कुठे हात घालायचा ते कळतं. कोड नसेल तर आंधळी कोशिंबीर.

काकांच्या गाडीत कोड सापडतच नव्हता. दरवेळी स्कॅनर म्हणायचा, काही बिघाड नाही. मी स्पार्क प्लग बदलले. एअर फिल्टर बदलला. वायरिंग जिथवर हात पोचतो तिथवर चाचपलं. गाडी चालवून बघितली, दिवा लागला नाही. काका परत गेले की दुपारी फोन यायचा, "ताई, लागला." गाडी माझी चेष्टा करतेय असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

"गाडी दोन दिवस माझ्याकडे ठेवा," मी कितीदा सांगितलं.

"नाय ठेवता येत. तिला न्यायचं कशात?"

काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. थेरपीसाठी त्यांना शहरात आणावं लागायचं. बसची पायरी त्यांना चढवत नाही. उंच गाड्यांत बसताना पाय उचलत नाही. या गाडीची पुढची सीट मात्र बरोबर त्यांच्या उंचीची. काकांनी दार उघडायचं, काकूंनी पाठ करून टेकायचं आणि मग काकांनी त्यांचे पाय हळूच आत घ्यायचे. नोंदणीची मुदत संपत आली होती. ती संपली की गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती आणि थेरपी बंद पडणार होती. काकू नुकत्या कुठे काठी धरून चार पावलं टाकायला लागल्या होत्या.

त्यात काकांच्या पुतण्याने अक्कल पाजळली. शहागंजातला कोणी ओळखीचा डॅशबोर्ड उघडून बल्बच काढून देतो म्हणे. काकांनी मला विचारलं तेव्हा माझा पारा चढला. "काका, चावी फिरवली की सगळे दिवे एकदा लागतात आणि इंजिन सुरू झालं की विझतात. हा एकटाच लागला नाही तर इन्स्पेक्टरला लगेच कळेल. बिघाड तसाच राहील आणि वर लबाडी पदरात पडेल."

"मला बी ते पटलं नव्हतंच," काका म्हणाले. मग विचारलं कशाला?

आरटीओतून तो फोन आला त्या दिवशी मात्र मी सकाळची वाट बघितली नाही. स्कॅनर पिशवीत टाकला, येत असल्याचं काकांना कळवलं आणि गॅरेज बंद करून करमाड गाठलं. दिवा लागलेली गाडी मला एकदा डोळ्यांनी बघायची होती.

संध्याकाळ झाली होती. अंगणात, घराच्या भिंतीला अगदी लागून गाडी उभी होती. बॉनेट उघडं आणि काका हातात पाना घेऊन वाकलेले. बॅटरीची वायर त्यांनी काढून बाजूला ठेवली होती. टर्मिनलला व्हॅसलीन लावणं चाललं होतं.

"काका, हे काय करताय?"

"सप्लाय तोडतोय. तुमी येणार, गाडीत हात घालणार, म्हणून आज जरा लवकरच तोडला."

"हे रोज करता?"

"व्हय. रोज रात्री तोडायचा, सकाळी जोडायचा. सगळी नोकरी लाइनवर गेली, ताई. सप्लाय चालू ठेवून झोप नाय लागत."

त्या मॉडेलच्या ईसीयूची मेमरी बॅटरीवर टिकते. बॅटरी तोडली की कोड पुसला जातो आणि दिवाही विझतो. म्हणजे काका रोज रात्री पुरावा धुऊन टाकायचे आणि सकाळी स्वच्छ गाडी माझ्यापुढे उभी करायचे. त्यांचे चकचकीत टर्मिनल बघून, माणूस किती निगुतीचा, असं मी मनातल्या मनात कौतुक केलं होतं. मी चिडून बोलले, "अहो, मग मला सांगायचं ना एवढं!"

"तुमी कवा विचारलं?"

मी वायर जोडायला लावली आणि म्हटलं, चला, दिवा लागेपर्यंत गाडी फिरवू. काकू पुढच्या सीटवर बसल्या, मी मागे. शेंद्र्याच्या बाजूला दोन फेऱ्या झाल्या. इंजिन चांगलं तापल्यावर दिवा लागला. आम्ही तिघंही त्या दिव्याकडे पाहुणा आल्यासारखे बघत राहिलो. मी इंजिन चालू ठेवूनच स्कॅनर जोडला. कोड मिळाला, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा. हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपवर बसतो आणि पेट्रोल नीट जळतंय का ते सांगतो. त्याची वायर क्लिपमधून सुटून गरम पाइपला टेकत होती. वरचं आवरण वितळलं होतं. दुसऱ्या दिवशी वायरचा तुकडा बदलला, क्लिप बसवली. चहा थंड व्हायच्या आत काम संपलं.

"आता तपासणी होईस्तोवर बॅटरी तोडायची नाही," मी बजावलं. "काम नीट झालंय का ते ईसीयूला चार दिवस बघू द्या."

काका हळू म्हणाले, "गाडी तिच्या खिडकीखाली असती, ताई. जुनं वायरिंग. रात्री शॉर्ट होऊन पेटली तर मी पळंन. तिला उठून पळता येत नाय."

इतक्या दिवसांचा माझा सगळा वैताग तिथेच विरला. मला एकदम वाईट वाटलं. "गाडी भिंतीपासून लांब लावा," एवढंच सुचलं. त्यांनी ती अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली लावली. आणि काकूंनी मला नंतर सांगितलं, तरीही काका बाज टाकून स्वतः गाडीजवळ झोपले.

गाडी पास झाली. इन्स्पेक्टरने मैदानात चक्कर मारली, डॅशबोर्ड बघितला आणि सही केली. नोंदणी पाच वर्षांनी वाढली.

संध्याकाळी काकांचा फोन. मी घाबरतच उचलला.

"ताई, आता तोडू का सप्लाय?"

"तोडा," मी म्हटलं. "झोपा निवांत."

तेव्हापासून गॅरेजला कोणतीही गाडी आली की आधी मालकाला विचारते, रात्री गाडी कुठे लावता आणि लावल्यावर काय करता. स्कॅनर नंतर काढते.