धावड्याच्या कॉम्प्युटरचा दोष

टेंभुर्णीच्या बाजारात गयासोद्दीन यांचं दुकान म्हणजे एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढी जागा. तिथं त्यांनी आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग मोबाइल, आणि गेली बारा वर्षं कॉम्प्युटर. शाळा नववीतच सुटलेली. बाकी सगळं ते खोलून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकले. आसपासच्या गावांत लोक त्यांना गयासभाई म्हणत, आणि गयासभाईंनी एकदा सांगितलं की त्यावर दुसऱ्या कुणाला विचारायला जात नसत. आपल्या शब्दाला वजन आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

धावड्याच्या बेबीनंदाबाई घरी टायपिंगची कामं करायच्या. लग्नपत्रिका, अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चाललं होतं. कॉम्प्युटर गयासभाईंनीच बसवून दिलेला. उन्हाळ्यात तो बिघडला. कुणी हात लावला नसतानाही आतला पंखा घोंगावत राहायचा, पेटी तापायची आणि टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उशिरा उमटायचं. बाईंनी फोन केला तेव्हा दुकानात गर्दी होती.

"घरात पोरगी हाय ना?" गयासभाई म्हणाले. "तिनंच गेमबिम टाकलं असंल. काही दिवस हात लावू देऊ नका."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि विसरूनही गेले.

ती मुलगी म्हणजे तृप्ती, अकरावीतली. आपण काहीच टाकलं नाही, असं तिनं आईला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही. इंटरनेटवरून ती प्रोग्राम लिहायला शिकत होती, ते बंद झालं. आणि हळूहळू आईशी बोलणंही.

चार महिने झाले तरी पंखा थांबेना. बेबीनंदाबाईंनी पुन्हा फोन केला, "गयासभाई, एकदा येऊनच बघा." एका सकाळी ते मोटरसायकलवर आले.

त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. दहा मिनिटांत पंखा घोंगावायला लागला. मागून गरम हवा येत होती. कुठला प्रोग्राम प्रोसेसरला एवढं राबवतो ते बघायला त्यांनी टास्क मॅनेजर ही चालू कामांची यादी उघडली. क्षणभर आकडा त्र्याण्णव टक्के दिसला आणि लगेच चारवर आला. पंखा शांत झाला. त्यांनी यादी बंद केली, तर थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज. उघडली की शांत. असं तीनदा झालं. इतक्या वर्षांत असलं काही त्यांच्यासमोर आलं नव्हतं.

"ती यादी उघडली की ते लपतंय, चाचा," दारातून तृप्ती म्हणाली. "आईनं इंटरनेटची वायर काढली तरी जरा वेळानं गप होतं. आई टाइप करायची तवा मी लांबून बघून राह्यले होते."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"कुणाला सांगू?"

गयासभाईंनी वायर काढली. पोरीचं म्हणणं बरोबर निघालं. म्हणजे कुणीतरी बाहेरचा या मशिनला कामाला लावत होता. ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणाऱ्या कामांची यादी त्यांनी एकेक करून तपासली. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कामांसारखंच नाव घेतलेलं एक काम त्यात होतं. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की ते जागं व्हायचं, आणि मग कुणी टाइप करायला बसलं तरी थांबायचं नाही. दूर कुठंतरी बसलेला माणूस त्यातून आभासी नाणी कमावण्याची आपली गणितं सोडवून घेत होता, आणि वीज जळत होती धावड्यातली.

ते काम आत कधी आलं, त्याची तारीख तिथंच होती. दोन वर्षांपूर्वीचा नऊ जून, सकाळचे अकरा चाळीस. तेव्हापासून ते निपचित पडून असणार, आणि या उन्हाळ्यात बाहेरून कुणीतरी त्याला जागं केलं असणार.

गयासभाईंनी पिशवीतून वही काढली. कुठल्या गावात, कुणाकडे, काय केलं, हे ते लिहून ठेवत. नऊ जूनच्या पानावर लिहिलं होतं: धावडा, बेबीनंदाबाई, विंडोज टाकली. ती परवान्याशिवाय चालावी म्हणून फुकट मिळालेला एक प्रोग्राम त्यांनी पेन ड्राइव्हवरून टाकला होता. सगळेच तसं करायचे. तो पेन ड्राइव्ह आताही त्यांच्या खिशात होता.

त्यांनी वही मिटली. काढून टाकायला अर्धा तास पुरला असता. व्हायरस होता, काढला, एवढं सांगितलं असतं तर कुणी पुढं विचारलं नसतं. त्यांनी पाणी मागितलं, पण ते आल्यावर प्यायले नाहीत.

"ताई, बसा जरा. तृप्ती, तूबी ये." दोघी बसल्या. "हे माझ्या हातून झालंय. मी टाकलेल्या प्रोग्रामातून आलंय."

बेबीनंदाबाईंना नीट कळलं नाही. "म्हणजे, तृप्तीनं…"

"तृप्तीनं बिलकुल काही केलं न्हाई. मी फोनवर बोललो ते न बघता बोलल्तो."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या. तृप्ती मात्र जागची हलली नाही. तिनं विचारलं, "त्याच पेन ड्राइव्हनं आणखी किती घरांत टाकलंय, चाचा?"

हा प्रश्न त्यांच्या मनात अजून आला नव्हता. त्यांनी वहीची पानं उलटली. एक्केचाळीस घरं निघाली.

त्या दिवशी त्यांनी सगळं पुसलं, परवान्याची विंडोज घातली आणि बाईंना बँकेचा पासवर्ड बदलायला लावला. घरी आल्यावर सरदारबी नवऱ्याचं ऐकून घेऊन उर्दूत एवढंच म्हणाल्या की गुपचूप काढून यायचं, सांगायची काय गरज होती. गयासभाई म्हणाले, एका पोरीला मी चार महिने गप्प केलं. दुसऱ्या घरांत माझ्यामुळं कुणावर काय आलं असेल, ते मला कसं कळणार?

सोमवारी आणि गुरुवारी दुकान बंद ठेवून ते गावोगाव फिरले. सव्वीस घरांत तेच सापडलं. काही लोक हसले, काहींनी चहा पाजला. एका शाळेच्या कारकुनानं पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. दुकानावरची गिऱ्हाइकं कमी झाली, आणि जी आली ती आता, "नक्की का?" असं विचारायला लागली. ते गयासभाईंना लागायचं, पण ते उत्तर द्यायचे, "थांबा, बघून सांगतो."

दिवाळीच्या आधी ते धावड्याला पुन्हा जाऊन आले. बेबीनंदाबाई ओसरीत भेटल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी माफी मागितली तिची. पण अजून मोकळं बोलत न्हाई माझ्यासंगं."

गयासभाईंनी चपला काढल्या. आत तृप्ती कॉम्प्युटरसमोर बसून काहीतरी लिहीत होती. त्यांना बघून ती हसली नाही. शेजारच्या खुर्चीवरची पुस्तकं उचलून तिनं खाली ठेवली आणि म्हणाली, "बसा."