लाल पिशवीवरचं नाव

मी ते नाव इथे घेणार नाही. घेतलं की नाकात फिनेल आणि त्याच्याखालचा तो दुसरा वास येतो, मग मी ताट बाजूला सारते.

नाव राजघराण्यातलं. पूर्वी गादीवर बसणाऱ्या थोरल्यालाच ते ठेवायचे. अर्थ असा, की ज्याच्यापुढे सगळे वाकतात. आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या मामांना ते त्यांच्या वडिलांनी ठेवलं. वडील हमाल, शेजारीपाजारी हसले. वडील म्हणाले, "राजे गेले, नाव काय बरोबर घेऊन गेले?" मामा हे दर आठवड्याला सांगायचे आणि आम्ही इस्त्रीवाल्या बायका दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं करायचो.

आमच्याकडे मळक्या कपड्यांची पिशवी ज्यानं उघडायची, त्याच्या नावाचा शिक्का तिच्यावर मारतात. म्हणजे ती भलत्याच्या हाती जात नाही. संसर्गाच्या वॉर्डातल्या लाल पिशव्यांना हात लावायला कुणी तयार नव्हतं. रक्त, पू, हगवण, ओकारी, सगळं चादरीत गुंडाळलेलं. मामा तयार झाले. झालं! मुकादमानं त्यांच्या नावाचा शिक्का करून घेतला, शाई कधीही न जाणारी. पंचवीस वर्षं तेच. वरच्या नव्या सिस्टरना तर ते माणसाचं नाव आहे हेही ठाऊक नव्हतं. तो शिक्का दिसला की हातमोजे घालायचे, एवढंच त्यांना शिकवलेलं. मुकादम म्हणायचा, "आज राजेसाहेबांना सहा नजराणे आलेत," आणि फिदीफिदी हसायचा. आम्हीही हसायचो, खोटं कशाला बोलू.

मग मामांची लेक आमच्याच हॉस्पिटलात बाळंत झाली. मुलगा झाला. ते नाव त्याला ठेवायचं, हे तिनं बापाला लग्नाआधीच कबूल केलं होतं. मामांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. मला म्हणाले, "ताई, माझ्यापाशी ते घाणीतच राहिलं. पोराकडे गेलं की धुऊन निघेल."

आम्हा बायकांना हौस दांडगी. कोऱ्या मऊ कापडाचं दुपटं शिवलं. त्यावर नाव हवं, असं कुणीतरी म्हणालं, आणि आमची अक्कल बघा, शिक्का आयता होताच! कोपऱ्यात ठळक उमटवला. मारला मीच. रोज बघून बघून आम्हाला ते नुसतं मामांचं नाव वाटायचं, दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

मामा दुपटं घेऊन वर गेले, मीही गेले. त्यांनी स्वतःच्या हातानं बाळाला त्यात गुंडाळलं. तेवढ्यात सिस्टर आली, कोपरा बघितला आणि किंचाळलीच. हातमोजे चढवून तिनं दोन बोटांनी दुपटं ओढून काढलं. बाळ उघडं पडून टाहो फोडायला लागलं.

"ही घाण इथे कुणी आणली?"

"अहो, ते बाळाचं नाव आहे," लेक म्हणाली.

"नाव कसलं? हगवणीच्या चादरींच्या पिशव्यांवर मारतात तो शिक्का आहे, बाई!"

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपलं मूल घाईघाईनं दुसऱ्या कुशीला घेतलं. लेकीनं बापाकडे पाहिलं. आपला बाप खाली नेमकं काय धुतो, हे तिला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी बोलायला हवं होतं. हे या माणसाचं नाव आहे, एवढं तरी. नाही बोलले. मला माझीच किळस येते.

दुपारच्या खेपेत दुपटं खाली आलं, लाल पिशवीतून. पिशवीवर शिक्का मामांचा, म्हणून उघडली मामांनीच. तीनदा उकळलं, तीनदा धुतलं. शाई कसली जातेय! वाळवून माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"तिनं दुसरं नाव ठेवायचं ठरवलंय," ते म्हणाले. "साधंच आहे. हाक मारायला सोपं."

मी मान खाली घालून इस्त्री फिरवत राहिले.

"ताई, एवढा कोपरा कापून दे. मग दुपटं घेईन म्हणाली."

कात्री माझ्यापाशीच होती. मी कापून दिला.