बांडगूळ उतरवलेला आंबा

बोरिवलीचा फेरा दोघांना मिळून तीन रुपयांत झाला, टांगा आणि स्टेशनावरचा चहा धरून. पण अण्णाच्या डोळ्यांची उरलीसुरली एक सकाळ त्यात गेली. ती धरली तर फार महाग पडला.

अण्णा माझा थोरला भाऊ. जन्मभर पक्ष्यांची चित्रं काढली. आता काचबिंदूने नजर कडेकडेने बुजत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, पाहायचं ते पाहून घ्या. त्याचा एक पक्षी पाहायचा राहिला होता, फुलटोच्या.

"बोरिवलीला, मागाठाण्यात कमळाकरच्या वाडीत आहे," मी म्हणालो. "अंगठ्याएवढा. किरमिजी पाठ, पिवळं पोट. आंब्यावरच्या बांडगुळात होता."

"आपल्याकडचा मातकट असतो रे. चोच कशी होती?"

"चोच कोण बघतो? आवाज ऐकला ना. गिऱ्हाईक घेणार की नुसता भाव विचारणार, हे मी पायरीवरच्या चपलेच्या आवाजावरून सांगतो." घाटकोपरला माझं लोखंडी सामानाचं दुकान आहे.

टांगा वाडीपर्यंत जात नाही. शेवटी बांधावरून चालावं लागतं. अण्णा माझा खांदा धरून चालला. कमळाकर फाटकातच उभा होता, खुशीत.

"तुझं कार्ड आलं आणि अख्खी वाडी साफ करून घेतली. त्या आंब्याची बांडगुळं कालच उतरवली. बघ, कसा मोकळा झालाय."

वाडीवाला दुसरं काय करणार? बांडगूळ झाड शोषतं. पण फुलटोच्या जगतो त्याच्याच फळांवर, आणि कार्डात मी येतोय एवढंच लिहिलं होतं. झाडाखाली ढीग सुकत पडला होता. अण्णाने एक फांदी उचलून चिकट फळ बोटांनी चाचपलं.

"काही चुकलं का?" कमळाकरने विचारलं.

"नाही रे. झाड छान झालंय."

तरी थांबलो. कमळाकरकडच्या वहिनींनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. अण्णाने अर्धी भाकरी ठेवली. हात धुताना विहिरीजवळून आवाज आला.

"अण्णा, तोच. जास्वंदीवर, फुलाशी."

अण्णाने मान इकडे केली, तिकडे केली. "फूल दिसतंय," तो म्हणाला. "चोच सांग."

"लांब. खाली वाकलेली."

"मग शिंजीर. फुलटोच्याची आखूड असते." तो फुलाकडेच बघत राहिला. पक्षी केव्हाच उडाला होता.

तुम्ही जाणार असाल तर परतीचा टांगा आधी ठरवा, उन्हाआधी पोचा, आणि कशासाठी येताय तेही कळवा.

घरी अण्णाने कागदावर आंब्याची पानं काढली, बांडगूळ काढलं, मधली जागा कोरी ठेवली. मग कुंचले धुऊन बांधून ठेवले. हल्ली सकाळी तो दुकानामागे खुर्ची टाकून बसतो. परवा म्हणाला, "ऐक."

तोच आवाज. दुकानामागच्या आमच्या जास्वंदीवर शिंजीर रोज येतो, दुकान घेतलं तेव्हापासून.