कृष्णाजीरावांनी तोडलेलं झाड

कृष्णाजीराव गेल्याचं मला कॉलेजच्या वाचनालयात कळलं. त्यांचे जावई दारात येऊन उभे राहिले, चपला बाहेर काढाव्यात की नाही अशा घोटाळ्यात, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पहाटे गेले… त्रास झाला नाही." मी पुस्तक मिटलं, त्यांच्याबरोबर नजरबाद पेठेत कृष्णाजीरावांच्या घरी गेलो, आणि जे करायचं असतं ते सगळं आम्ही दुपारपर्यंत उरकलं. त्याला आता पाच आठवडे झाले. वर्तमानपत्रात ज्यांच्यावर लिहिलं जातं अशांपैकी ते नव्हते. ते आमच्या कॉलेजच्या बागेचे मेस्त्री होते. पण ज्या एका गोष्टीमुळे मी त्यांचा जन्मभराचा ऋणी झालो, ती माझ्याशिवाय आता कोण सांगणार?

त्यांचं घराणं शिलेदारांचं. आजा, बाप, चुलते सगळे म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात, आणि हेही ऐन विशीत त्यात शिरले. बन्नीमंटपाच्या मैदानावर दसऱ्याची तालीम चालू असताना घोडा अंगावर पडला आणि डाव्या पायाचं हाड असं मोडलं की पुन्हा रिकिबीत पाय घालणं संपलं. कुणीतरी शब्द टाकला म्हणून कॉलेजच्या बागेत चिकटले. त्याच सुमारास आमच्या इंग्रज प्रिन्सिपॉलसाहेबांनी बंगळूरहून परदेशी झाडांची डझनभर रोपं मागवली होती. काश्मिरातल्या चिनाराच्या जातीचंच हे झाड, साहेब त्याला 'प्लेन' म्हणत. गणिताचे स्कॉच प्रोफेसर म्हणत, छे, हे 'सिकॅमोर'. आणि एका पाद्र्यानं सांगितलं की सिकॅमोर म्हणजे त्यांच्या ग्रंथातला उंबर. कृष्णाजीरावांनी पानाचा देठ मोडून पाहिला आणि निकाल दिला, "दूध नाही. दूध नसेल तर उंबर कसला?" डझनातली नऊ रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. तीन त्यांनी जगवली, गवताची छपरं करून, सकाळ-संध्याकाळ लंगडत घागरी वाहून. आमच्या म्हैसूरकडच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की झाडाला आम्ही सर्रास 'मर' म्हणतो. पुण्याहून नवे आलेले एक अध्यापक बागेत फिरत असताना कृष्णाजीरावांनी कौतुकानं सांगितलं, "हे मर माझं फार लाडकं," तेव्हा ते गृहस्थ दचकून दोन पावलं मागे सरकले होते!

मी कॉलेजात आलो तेव्हा ती झाडं दुमजली उंच झाली होती. आमचं घर रंगाऱ्यांचं, हाताला रंग न लागलेला मी पहिलाच, त्यामुळे जिभेवर जरा मिजास होती. पौष महिन्यात तिन्ही झाडांची पानं झडून नुसते सांगाडे उरले. म्हैसुरात असं पार उघडंबोडकं झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "मेस्त्री, मेली की तुमची झाडं." ते रागावले नाहीत. फांदीवर राहिलेलं एक वाळकं पान हळूच ओढून त्यांनी देठाचं टोक मला दाखवलं. ते टोपीसारखं पोकळ होतं, आणि जिथून ते निघालं तिथे फांदीवर नवा कोंब तयार बसलेला होता. "जुनं पान त्याला झाकून धरतं," ते म्हणाले. "वेळ झाली की सोडतं." त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागलो.

तिघांपैकी एक झाड आमच्या वर्गाच्या खिडक्यांना अगदी लागून होतं. फाल्गुनात त्याला नवी पालवी फुटली की पानांवरची बारीक लव वाऱ्यानं उडून आत येई. घसा खवखवे, डोळे चुरचुरत. माझ्या बाकावर श्रीकंठ बसायचा, नंजनगूडकडचा, अतिशय हुशार आणि अतिशय अशक्त. त्याला खोकल्याची उबळ आली की थांबायचीच नाही. मग आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, आणि त्या उकाड्यात तो भिंतीला डोकं टेकून श्वास गोळा करत बसायचा. मला ते बघवेना. मीच अर्ज लिहिला: झाड आरोग्यास घातक आहे, सबब ते तोडावे. खाली चाळीस सह्या घेतल्या. काकांना त्यातलं अक्षर सांगितलं नाही. तोंडच नव्हतं.

साहेबांचा जीव त्या झाडांत होता. त्यांनी सह्या करणाऱ्यांपैकी आम्हां चौघांना बोलावलं आणि साक्षीला मेस्त्रींना उभं केलं. मेस्त्रींनी 'झाडाचा काही दोष नाही' एवढं म्हटलं असतं की अर्ज निकालात निघाला असता, आणि ते तसंच म्हणणार अशी साहेबांची खात्री होती. माझीही होती. काकांनी काखेतून घडी केलेलं एक धोतर काढलं आणि टेबलावर पसरलं. अर्जाची कुणकुण त्यांना लागली होती. तीन रात्री त्यांनी ते धोतर ओलं करून आमच्या वर्गाच्या खिडकीच्या गजांना बांधून ठेवलं होतं. पांढऱ्या कापडावर तपकिरी लवेचा थर बसला होता.

"पोरं खरं सांगतात, साहेब. खोकला येतो. मलाही येतो," ते म्हणाले. "लांबची दोन राहू देत. हे एक जायला पाहिजे."

साहेबांनी विचारलं, "तू वाढवलेलं आहेस ना?"

"होय. म्हणून मीच तोडतो. दुसऱ्या कुणाला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फेटा काढून ठेवला, कंबर बांधली आणि आधी वरच्या फांद्या एकेक उतरवल्या, दोरानं, एकही आपटू न देता. शेवटी बुंध्याला कुऱ्हाड लावली. मी व्हरांड्यात उभा होतो. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या प्रहरी खिडकीत नुसतं आभाळ उरलं होतं.

आणि श्रीकंठचा खोकला… तो थांबला नाही. लव बंद झाली, आमचे घसे सुधारले, पण तो खोकतच राहिला. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी क्षयाचं निदान केलं, त्याला गावी नेलं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तो गेला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली: झाड निरपराध होतं, आणि ते मी तोडायला लावलं. मी बागेचा रस्ता सोडला, लांबच्या फाटकातून जायला लागलो. दोन महिने असे गेले असतील. एके दिवशी पाहतो तर काका त्याच फाटकात बसलेले.

"वासू, केवढा वळसा रे? लंगडा मी का तू?"

मी म्हणालो, "काका, झाड उगाच गेलं."

ते मग म्हणाले, "उगाच कसं? लव खोटी होती का? आणि असं बघ… त्या पोराला शेवटचे तीन आठवडे खिडकी उघडी टाकून बसता आलं. वारा लागला की नाही तोंडाला?"

त्यापुढे या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. मी शिकलो, त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. ते पेन्शनीत निघाले, तरी काठी टेकत बागेत येत राहिले. राहिलेल्या दोन झाडांखाली आता एक अख्खा वर्ग सावलीत बसतो. आपलं मन त्यांनी सावरलं कसं, हे मी कधी विचारलं नाही. त्यांना सावरावं लागलंच नसेल असं मी सोयीनं धरून चाललो.

तेराव्याला मी जेवायला गेलो. पंगतीत माझ्यासाठी एक वेगळाच पाट मांडला होता. फिकट लाकडाचा, आणि सबंध अंगावर बारीक चमकदार ठिपक्यांची जाळी. मी हात फिरवून बघत होतो, तर त्यांची मुलगी सखूताई वाढता वाढता थांबली.

"कॉलेजातलं मर तोडलं ना, त्याचा आहे," ती म्हणाली. "अप्पांनी स्वतः घडवला. त्या दिवशी घरी आले, दोन दिवस जेवले नाहीत. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून आम्हाला शपथ घातलेली. आता गेले, आता काय!"



"दोन केले होते," ती पुढे म्हणाली. "दुसरा त्या श्रीकंठच्या आईला दिला. मी लहान होते, मला घेऊन रेल्वेनं नंजनगूडला गेले. अप्पांनी सांगितलं, तुमचा मुलगा ज्या झाडाशेजारी शिकला त्याचा आहे. बाईनं पाट पदरानं पुसला आणि उचलून आत नेला."

मी त्या पाटावर बसलो. सखूताई भात वाढत होती, पान भरत चाललं होतं. शेजारचे दोनदा म्हणाले, "साकु म्हणा की हो, पुरे म्हणा…" मला ते सुचलंच नाही.