एका पुस्तकात दोन खुणा

भिंगरीच्या आत्याला लॉन्ड्रीत सगळेच आत्या म्हणायचे. मालक तिच्यापेक्षा वयाने मोठे, तरी तेही. कपडे टाकायला येणारी गिऱ्हाइकंसुद्धा काउंटरवरून हाक मारायची, "आत्या, ही चेन बसते का बघा." लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत खिडकीजवळ तिचं शिलाई मशीन होतं. पुढे धुलाई आणि इस्त्री चालायची, मागे ती उसवलेलं शिवायची, लांब पँट आखूड करायची, फाटलेली अस्तरं बदलायची. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं," आणि तोंडात टाचण्या धरून पुढच्या कामाला लागायची, म्हणजे समोरच्याला आणखी काही विचारता येत नसे.

तिला आत्या हे नाव पडलं ते भिंगरीमुळे. धाकट्या भावाची बायको आजारपणात गेली तेव्हा पोर जेमतेम बोलायला लागली होती. भाऊ पाणीपुरवठा खात्यात, कामाच्या वेळा धड नाहीत. मग रोज दुपारी पाळणाघरातून पोरीला आणायचं आणि भाऊ येईपर्यंत लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत सांभाळायचं, हे आत्याने आपणहून अंगावर घेतलं. पोर एका जागी बसेना. स्वतःभोवती गिरक्या घेत सुटायची, म्हणून भिंगरी. इस्त्रीची वाफ, गरम नळ्या, कात्र्या, सुया. आत्याचा जीव टांगणीला लागायचा.

एकदा कोपऱ्यावरच्या वाचनालयात ती पोरीला घेऊन पावसापुरती शिरली आणि बाहेर येताना हातात एक पुस्तक होतं. एका गलेलठ्ठ बेडकाचं. हा बेडूक तळ्याकाठी दुकान मांडतो आणि सगळ्यांना उधारीवर ढग विकतो. आत्या काही वाचणारी बाई नव्हती. पण धुतलेल्या चादरींच्या ढिगावर पोरीला बसवून तिने पहिलं पान वाचलं, आणि बेडकाचा आवाज आपोआप मालकांसारखा निघाला. तसाच घोगरा, तसाच मध्येच खाकरणारा. भिंगरी गिरकी घ्यायची विसरली. पडद्यापलीकडे इस्त्रीची फुसफुस थांबली आणि मालकांनी डोकं आत घालून विचारलं, "मग? त्या कासवाने ढग घेतला का?"

आपला आवाज ओळखीचा वाटल्याचं त्यांनी कधी दाखवलं नाही.

तेव्हापासून चादरींवरचं वाचन हा रोजचा शिरस्ता झाला. आत्याने वाचनालयाचं मुलांचं कपाट पालथं घातलं. हळूहळू तिची मतंही पक्की झाली. ज्या पुस्तकाच्या शेवटी कुणी तरी मोठं माणूस येऊन शहाणपण सांगतं ते तिच्या मनातून साफ उतरायचं. "लेखकाला मुलांची खात्री वाटत नाही," ती म्हणायची. गोष्टीत थोडी भीती हवी, भरपूर खाणं हवं आणि एक तरी आगाऊ पात्र हवं. चित्रं फार गोंडस असली की ती पुस्तक परत ठेवायची. भिंगरीला काय आवडेल हे तिला कव्हरवरून कळायचं, आणि भिंगरीला आत्या कुठे आवाज बदलणार हे तिच्या श्वासावरून कळायचं. त्या दोघींच्या मध्ये तिसऱ्याला जागाच नव्हती, आणि कुणी मागितलीही नव्हती.

भिंगरी बारा वर्षांची झाली तेव्हा भावाने पुन्हा लग्न केलं.

नवी वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करायची. शांत, नीटस बाई. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे असं बघायची की जणू चष्म्याची फ्रेम कुठली शोभेल याचा अंदाज घेते आहे. आत्याला ती "ताई" म्हणायची, मान देऊन बोलायची, आत्या घरी गेली की आधी पाणी पुढे करायची. नावं ठेवायला जागा नव्हती, आणि आत्याला खरा त्रास त्याचाच होता. कजाग निघाली असती तर सोपं गेलं असतं.

आणि ती वाचायची. बेडूक-कासवांचं नव्हे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या कादंबऱ्या, जाड, बारीक टायपाच्या. घर सोडून जाणाऱ्या मुली, बापाशी अबोला धरणारी मुलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत भिंगरीने लॉन्ड्रीत येणं कमी केलं. आता मोठी झाली, एकटी घरी जाऊ शकते, हे खरंच होतं. पण आली की चादरींवर न बसता दाराशी उभी राहायची आणि तोंडात एकच विषय. "मावशी म्हणते, हा मुलगा खोटं बोलतोय. मला नाही वाटत. आत्या, तुला काय वाटतं?"

सावत्र आईला ती मावशी म्हणायची. ते आत्यानेच सुचवलं होतं, आणि आता तो शब्द ऐकला की तिचा टाका तिरका पडायचा.

"मला काय वाटणार," ती म्हणाली. "मी वाचलंय कुठे ते."

एका रविवारी ती भावाकडे गेली तेव्हा बैठकीच्या खोलीत सोफ्यावर दोघी दोन टोकांना बसल्या होत्या. पाय मध्ये एकमेकींना टेकलेले. भिंगरी वाचत होती, वहिनी नुसती बसली होती.

"काय चाललंय?" आत्याने विचारलं.

"तिचं प्रकरण संपायची वाट बघतेय," वहिनी हसून म्हणाली. "मग माझी पाळी."

पुस्तक एकच होतं आणि त्यात दोन खुणा. एक लाल, एक निळी. लाल वहिनीची, निळी भिंगरीची. जी मागे असेल तिने गाठायचं आणि मग दोघींनी त्यावर बोलायचं, असा त्यांचा नियम होता. आवाज नाही, सोंगं नाहीत. गप्प बसून शेजारी शेजारी वाचण्यात काय सोबत असते ते आत्याला कळेना. पण त्या दोन कागदी पट्ट्या पानांतून डोकावताना तिला दिसल्या. इतकी वर्षं घसा कोरडा केला तो आपण. पुस्तकाची गोडी लावली ती आपण. आणि आयतं येऊन पाय टेकवून बसायला ही.

पुढच्या आठवड्यात तिने वाचनालयातून एक पुस्तक हौसेने निवडून आणलं. उलट्या छत्रीतून नदी ओलांडणाऱ्या उंदरांचं. चित्रं सुरेख होती, मजकूर खट्याळ होता. भिंगरी आली तेव्हा तिने ते सहज मशीनवर ठेवलं होतं.

भिंगरीने पानं चाळली. हसलीही. मग जपून म्हणाली, "छान आहे गं आत्या. पण लहान मुलांचं आहे ना."

त्या "जपून"ने आत्या जास्त दुखावली. तोडून बोलली असती तर दोन शब्द सुनावता आले असते. तिने पुस्तक पिशवीत टाकलं. मालक पडद्याआडून म्हणाले, "मला द्या, मी बघतो उंदरांचं." तिने दिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी घडायचं ते घडलं. जेवणाआधी भाऊ खाली गेला होता, मायलेकी स्वयंपाकघरात पानं घेत होत्या. आत्या खोलीत एकटी, समोर सोफ्यावर ते पुस्तक. दोन्ही खुणा अजून पुस्तकाच्या मध्यावरच होत्या. तिने पुस्तक उचललं ते नुसतं बघायला, निदान तिने स्वतःला तसंच सांगितलं. मग सरळ शेवटची पानं उघडली आणि उभ्या उभ्या वाचून काढली. एक बेट, वादळ, दोन मैत्रिणी. सुटकेची बोट येते, एक मैत्रीण बोटीत चढते, दुसरी, धाकटी, चढत नाही.

जेवताना विषय निघणारच होता, निघाला.

"मला वाटतं दोघी सुटतील," भिंगरी म्हणाली. "इतकं सगळं होऊन सुटल्या नाहीत तर काय अर्थ आहे?"

"बघू," वहिनी म्हणाली. "मला थोडी भीती वाटतेय त्या धाकटीची."

"ती नाही जात," आत्या म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे बघितलं.

"बोट येते, पण ती चढत नाही. मागेच राहते. शेवटचं पान आहे ते." आणि तिने भाताचा घास घेतला.

भाऊ म्हणाला, "ताई, हे काय?" पण त्यालाही नीट कळलं नव्हतं नक्की काय बिघडलं ते. वहिनी ताटाकडे बघत राहिली. भिंगरी उठली नाही, रडली नाही. हातातली पोळी तिने ताटात ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. आत्याला वाटलं होतं बरं वाटेल. क्षणभर वाटलंही. मग नाही.

त्यानंतर भिंगरी लॉन्ड्रीत फिरकली नाही. आत्या दुपारी पडद्याकडे बघायची, पडदा हलला की मालक असायचे. एकदा मालक म्हणाले, "पोर दिसत नाही हल्ली." आत्या म्हणाली, "अभ्यास असतो." मालकांनी पुढे विचारलं नाही, आणि त्या दिवसापासून ते पडद्यामागून येताना आधी खाकरू लागले, म्हणजे उगाच तिची मान वर व्हायला नको.

मग एका संध्याकाळी वहिनी आली. हातात कोट होता, अस्तर खांद्याशी फाटलेलं. आत्याने कोट उलटा करून पाहिला. फाटलं होतं हे खरं, पण त्यासाठी कुणी कामावरून धावतपळत येत नाही.

"बस," ती म्हणाली.

वहिनी चादरींच्या ढिगावर बसली. भिंगरीच्या जागेवर. आत्याला तेही खुपलं.

"ती वाचत नाहीये, ताई," वहिनी म्हणाली. "काहीच. ते पुस्तकही तसंच पडलंय. मी दुसरी आणली, त्यांना हात लावत नाही."

"माझ्यामुळे," आत्या म्हणाली. तिच्या तोंडून ते विचारल्यासारखं निघालं नाही.

"मी त्यासाठी नाही आले." वहिनीने बोटांनी चादरीची कड दुमडली. "मागच्या आठवड्यात तिला ताप होता. म्हणाली, ते बेडकाचं वाच. मी वाचनालयातून आणलं, वाचलं. तिने दोन पानं ऐकली आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, असं नाही, आत्या वाचते तसं. तिच्या नकळत तुमच्यासारखा आवाज काढायचा सराव केला मी, ताई. आंघोळीच्या वेळी, नळ सोडून. नाही जमत."

आत्या कोटाच्या अस्तराकडे बघत राहिली. आतून एक गोड ऊब तिच्या अंगभर पसरली. हा चांगुलपणा नव्हता. भिंतीकडे वळलेलं ते तोंड तिला सुखावून गेलं, आणि ही बाई नळ सोडून बेडकाचा आवाज काढत होती हे ऐकून तर आणखीच. ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून तिने टाचण्या तोंडात धरल्या.

"मला तुमचा हेवा वाटतो," वहिनी म्हणाली. "सांगून टाकलेलं बरं."

टाचण्या काढाव्या लागल्या. "माझा? तुझ्याबरोबर ती पायाला पाय लावून बसते."

"माझ्याबरोबर पुस्तक असतं तोवर बसते. पुस्तक नसेल तेव्हा काय बोलायचं ते मला अजून सुचत नाही."

आत्याला वाटलं, आता आपण मोठ्या मनाने काही तरी म्हणायला हवं. बेडकाचा आवाज शिकवते, असं. पण ते तिच्याने झालं नाही. तो आवाज तिचा होता. तिने विचारलं, "ते बेटाचं पुस्तक आहे का जवळ?"

वहिनीच्या पिशवीत होतं. आत्याने ते घेतलं. म्हणाली, "कोट गुरुवारी ने."

ती पहिल्या पानापासून वाचायला लागली. सुरुवातीला चुका काढायलाच. मुली फार बोलतात, खायला कुणी काही करत नाही, टाईप इतका बारीक की डोळे चुरचुरतात. पण काही पानांनंतर ती दुपारच्या डब्याशी वाचू लागली, मग बसस्टॉपवर. त्या धाकट्या मुलीने तिला धरून ठेवलं. हट्टी, चिडकी, मैत्रिणीला दुसरी मैत्रीण मिळाली की आतल्या आत जळणारी. आत्याला मुलगी आवडली नाही, पण तिचं प्रत्येक पाऊल तिला आधी कळत होतं. आणि शेवटाशी पोचली तेव्हा तिला दिसलं की आपण उभ्या उभ्या वाचलेला शेवट तो हा नव्हेच. शब्द तेच होते. मुलगी मागे राहते, पण कुणी तिला टाकून जात नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठे राहायचं ते तिचं तिला ठरवता येतं.

ती थेट भावाच्या घरी गेली. दार भिंगरीने उघडलं.

"मी सगळं वाचलं," आत्या म्हणाली. "तुला सांगितलं ते चुकीचं होतं."

"म्हणजे ती जाते?"

"नाही. जात नाही. पण चुकीचं होतं."

भिंगरी दारातच उभी राहिली. "शेवट सांगितलास त्याचा मला एवढा राग नव्हता. तू न वाचता सांगितलास, त्याचा होता. तू असं कधी करत नाहीस. तू तर मला पुढचं चित्रसुद्धा बघू द्यायची नाहीस."

"नाही द्यायची," आत्या म्हणाली. "त्या दिवशी मला तुझ्या मावशीचा राग आला होता."

"माहितीये मला," भिंगरी म्हणाली आणि पुस्तक मागून घेतलं. "आत ये."

भिंगरीने पुस्तक पुरं करायला बराच वेळ घेतला. वहिनीनेही तिच्या मागोमाग केलं. त्या काळात आत्याला सगळं माहीत असून गप्प बसावं लागलं, आणि ती शिक्षा लहान नव्हती. शेवटी तिघी सोफ्यावर बसल्या तेव्हा चांगलीच जुंपली. वहिनीचं म्हणणं, मुलीने बोटीत चढायला हवं होतं, घरी तिची वाट बघणारं माणूस होतं. आत्या म्हणाली, वाट बघणाऱ्याला काय, ते बघतच असतं, म्हणून काय तिने जावं? भाऊ मध्येच म्हणाला, "बेटावर पाण्याची सोय काय होती?" त्याला तिघींनी गप्प केलं. भिंगरीने दोघींचं ऐकून घेतलं आणि बराच विचार करून म्हणाली, "मला मावशीचं पटतं."

आत्या घरी निघाली ती धुसफुसतच. पोरीला काही कळत नाही, वयच तसं आहे, आणि त्या बाईला तर मुळीच कळत नाही. चालता चालता तिला तीन-चार बिनतोड मुद्दे सुचले आणि ते तिथेच का सुचले नाहीत म्हणून ती स्वतःवर चिडली. वाचनालय अजून उघडं होतं. ती आत शिरली. मुलांच्या कपाटावरून पुढे जाऊन, जाड कादंबऱ्यांच्या फळीशी थांबली आणि त्याच लेखिकेचं दुसरं काही आहे का, असं तिने विचारलं.

"एक आहे, पण कालच गेलं," ग्रंथपाल म्हणाली. "त्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई घेऊन गेल्या."

"परत कधी येईल?"

"वाचून झालं की."

"मग माझं नाव लावून ठेवा," आत्या म्हणाली, "आणि त्यांना सांगा, जरा लवकर वाचा म्हणावं."