रुळापाशी थांबणारा माणूस

सक्करदऱ्याहून निघून तीन तास झाले होते, तरी रुपरावभाऊ दर फाट्याला थांबत होते. डावीकडे पाहत, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्यांची धाकटी बहीण वंदना रुईच्या पानांचा हार सांभाळत मागून अनवाणी चालत होती. नवस तिचाच होता. अपघाताची बातमी आली तेव्हाच ती बोलली होती, भाऊ वाचला असेल तर मारुतीला दोघं पायी येऊ.

"चाल नं गा भाऊ. रस्ता रिकामा आहे. मारुती का उठून चालला जाते?"

एरवी ते हसले असते.

सव्वीस वर्षं ट्रक चालवला त्यांनी, कधी सिग्नल तोडला नाही. कुहीच्या रस्त्यावर गोदामाकडे जाणारा मालगाडीचा एक रूळ आहे. फाटक नाही, नुसती पाटी. महिन्यातून चार-दोनदाच गाडी येते, म्हणून बाकीचे ड्रायव्हर तिथे वेगही कमी करत नसत. भाऊ मात्र थांबत, काच खाली करत, गाणी बंद करत, कान देत, मग जात.

"रुपराव रुळाले इचारून जाते," ढाब्यावर कुणीतरी म्हणेच.

"इचारतो ना. तू बायकोले न इचारता घराबाहेर निघतं का?"

त्याच रुळावर गेल्या महिन्यात इंजिनानं त्यांच्या ट्रकची मागची बाजू फाडून नेली. भाऊंना खरचटलंसुद्धा नाही. रुळाच्या कडेलाच मारुतीचं देऊळ, तेव्हा सगळे म्हणाले, त्यानंच वाचवलं. सांजेला दिवा लावताना वंदनाही तेच म्हणायची. भाऊंनी पोलिसांना जबाब दिला की इंजिनाचा भोंगा वाजलाच नाही, आणि त्यावरून रेल्वेनं इंजिनाच्या ड्रायव्हरला कामावरून घरी बसवलं.

देवळाचा झेंडा दिसला तसे भाऊ मैलाच्या दगडावर बसले.

"पाय दुखून राहिले का?"

"भोंगा वाजला होता, वंदना."

ती हार धरून उभीच राहिली.

"हे देऊळ बांधलं तवापासून मी तिथं हात जोडतो. थांबत तं होतोच. पन रुळासाठी नाई, नमस्कारासाठी. मले वाटे, थांबलो म्हंजे पाह्यलं. देऊळ उजवीकडे, गाडी आली डावीकडून. डोळे मिटले होते माहे. भोंगा ऐकला, तं म्हनलं लांब असन, अन् ट्रक पुढं घेतला."

"मंग खोटं काहून सांगितलं गा?"

"लायसनचं भेव. अन् लाज. त्या इंजिनाच्या ड्रायव्हरनंच खाली उतरून मले पानी पाजलं."

वंदनाला महिनाभराचे दिवे आठवले. देवापुढे आपण रोज काय बोलत होतो?

"लायसन गेलं तं?"

भाऊ उठून चालू लागले.

रुळापाशी ते थांबले. दोन्हीकडे पाहिलं, कान दिला. हात खालीच होते. रूळ ओलांडून देवळाच्या पायरीवर आले, तेव्हा कुठे त्यांनी हात जोडले. वंदनानं हार घातला, नारळ फोडला. प्रसाद देताना तिनं पाहिलं, भाऊंनी खिशातून घडी घातलेला रेघांचा कागद आणि पेन काढलं होतं.

"शाळेत तुहं अक्षर चांगलं होतं. नवा जबाब तू लिहून दे, मी सही करतो. अन् वंदना, देवानं वाचवलं असं त्यात लिहू नोको वं. भोंगा वाजला होता, एवढंच लिहिजो."